व्हरांडा, वाळवी आणि नंबॅट

मर्व्हने व्हरांड्याच्या खांबाला चमचा टोचला आणि तो लोण्यात जावा तसा आत गेला. वाळवी! शनिवारी याच व्हरांड्यात टेगनचं, म्हणजे त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न होतं. फवारणीवाला येऊन पंप उतरवतो न उतरवतो तोच मर्व्हची बायको ग्लेनिस किंचाळली, "थांबा! लाकडांच्या ढिगात नंबॅट आहे!"

खरंच होता. खारीहून थोडा मोठा, पाठीवर पट्टे. जगात हे मोजकेच उरलेत. ग्लेनिस कित्येक वर्षं रविवारी रानात त्यांची मोजणी करायला जायची आणि हात हलवत परत यायची. तिने लगेच वन्यजीव खात्याच्या लॉरेनला फोन केला.

"फवारणी बंद," लॉरेन येताच म्हणाली. "हा वाळवीवरच जगतो. विष याच्या पोटात जाईल."

मर्व्ह खूश. "म्हणजे माझा खांब फुकटात साफ होणार?"

"छे! हा जमिनीतली खातो. लाकूड फोडायची ताकद कुठे त्याच्यात?"

"अगं, मग खांबातली मारू दे की! वाळवीला काय तोटा आहे जगात? दुर्मिळ तो आहे, ती नाही!"

"बरोबर. पण तो आहे तोवर तिच्याही केसाला धक्का लागता कामा नये."

शुक्रवारी नंबॅट बघायला अख्खी गल्ली व्हरांड्यात जमली आणि व्हरांडा सगळ्यांसकट सावकाश खाली बसला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नंबॅट मात्र पळाला.

"बाबा, आता लग्न काय कोंबड्यांच्या खुराड्यात करू?" टेगन रडायलाच लागली.

"माझं परसदार आहे ना, पोरी!" शेजारचा बेव्हन म्हणाला.

शनिवारी तिथे टेगन शपथ घ्यायला तोंड उघडते तोच एक पट्टेरी पाठ खुर्च्यांखालून सळसळत गेली. आता लॉरेन लग्न थांबवणार! मर्व्ह पाहुण्यांत बसलेल्या लॉरेनसमोर आडवा उभा राहिला.

"काय गं ते?" लॉरेनने मान उंचावली.

"मांजर," ग्लेनिस म्हणाली.

"मांजर? अगं, नंबॅटचा काळ तो! थांब, पिंजरा आणते." लॉरेन गाडीकडे धावली.

"उरका हो लवकर!" मर्व्ह लग्न लावणाऱ्या बाईंवर खेकसला.

लॉरेन पिंजरा घेऊन येईपर्यंत टेगन परक्याची झाली होती. ग्लेनिसने डोळे पुसले, लेकीचा मुका घेतला आणि म्हणाली, "लॉरेन, नंबॅट होता गं तो."

मग नाच झाला. नंबॅट बिचकू नये म्हणून सगळ्यांनी बूट काढून, गाण्यांशिवाय केला.