चोगल्यांची दुसरी लाईन

हरिश्चंद्र चोगले नव्या माणसाला नाव-गाव विचारत नाहीत. थेट विचारतात, "तुमच्या घरात घड्याळ कुनाचं चालतं?"

मी बोर्ली पंचतनच्या शाखेत बदलून आलो, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला हे विचारलं. पेणहून निघालेली एसटी माणगावात बंद पडली होती, अंग आंबलं होतं, आणि मॅनेजरच्या खुर्चीचा एक पाय लंगडा आहे हे मला नुकतंच कळलं होतं. वाद नको म्हणून मी म्हटलं, बायकोचं. चोगल्यांनी समाधानाने मान हलवली. माझी लाईन बरी आहे असा निर्वाळा दिला आणि ते राउटरच्या कपाटाकडे निघून गेले.

या प्रश्नाचा अर्थ मला पुढे आठवडाभराने लागला. आमच्या शाखेचा सगळा कारभार एका लीज लाईनवर चालतो. म्हणजे भाड्याने घेतलेली, फक्त आमचीच अशी तार. ती इथून अलिबागला जाते आणि तिथून मुख्यालयात. तारेच्या आमच्या टोकाला राउटर नावाची एक पेटी आहे. दोन्ही टोकांनी एका ठेक्यात बोलायचं तर वेळ एकाने द्यायची आणि दुसऱ्याने मुकाट घ्यायची असते. दोघंही आपापलं घड्याळ चालवायला लागले की अक्षरं मधेच सांडतात, संगणक बसतो आणि रांगेतले पेन्शनर आमचा उद्धार करतात. त्यामुळे घड्याळ पलीकडचं घ्यायचं, हा चोगल्यांचा धर्म. सरपंच-उपसरपंचांचं भांडण असो, नाही तर लग्नातला बेसूर बँड असो, त्यांचं निदान एकच. दोघांनी आपापलं घड्याळ लावलंय.

चोगले टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. आमच्या बँकेने त्यांना वर्षाच्या करारावर लाईन सांभाळायला ठेवलं आहे. शर्टाच्या खिशात आपण पेन ठेवतो तिथे ते स्क्रूड्रायव्हर ठेवतात. कपाटासमोर चपला काढतात. राउटरला द्यायच्या इंग्रजी आज्ञा त्यांनी एका वहीत देवनागरीत उतरवून घेतल्या आहेत: 'इनेबल', 'कॉन्फ टी', 'नो शट'. वहीत बघून ते एका बोटाने अक्षरं टिपतात, आणि एंटर मारण्यापूर्वी दर वेळी वर पंख्याकडे बघतात. बाहेर वीस माणसं खोळंबलेली असतात, मी घामाघूम झालेलो असतो, आणि हे शांतपणे सांगतात की घाई केली की लाईन लाजते. अशा वेळी मला स्वेच्छानिवृत्तीचे विचार येतात.

राउटरला जिथे तार जोडतात त्या खोबणीला पोर्ट म्हणतात. प्रत्येक पोर्टला एक वर्णन लिहायची सोय असते. शहाणी माणसं तिथे गावाचं नाव टाकतात. चोगल्यांना 'डिस्क्रिप्शन' हा शब्द नवा होता. त्यांनी त्याचा अर्थ स्वतःच लावला: पलीकडे कोण आहे ते. म्हणून पहिल्या पोर्टवर त्यांनी लिहिलं, 'सावंतबाई'. सावंतबाई अलिबागच्या टोकाला काम करतात. लाईन तपासताना दोघांचं फोनवर रोज बोलणं होतं आणि त्यात गुडघेदुखीपासून बोंबलाच्या भावापर्यंत सगळं येतं, पण इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. बाई गुडघ्याच्या ऑपरेशनला गेल्या तेव्हा चोगल्यांनी वर्णन बदलून 'सावंतबाई रजेवर' असं केलं. मुख्यालयातून मला लेखी विचारणा आली की सावंतबाई हे ठिकाण कोणत्या तालुक्यात येतं. मी इतका दमलेलो होतो की अलिबाग तालुका असं कळवून टाकलं. त्यावर कुणी काही बोललं नाही.

खरी डोकेदुखी दुसऱ्या पोर्टची होती. ते रिकामं. त्याला तार नाही, पलीकडे काही नाही. असं पोर्ट बंद करून ठेवायचं असतं. बंद केलं की मुख्यालयाच्या पडद्यावर ते करडं दिसतं आणि सगळे सुखाने चहा पितात. उघडं ठेवलं आणि पलीकडे कुणी नसलं की ते लाल दिसतं. आमचं कायम लाल. दर महिन्याला मला फोन यायचा आणि दर महिन्याला मी चोगल्यांना सांगायचो. ते "व्हय व्हय" म्हणायचे आणि काही करायचे नाहीत. शेवटी मुख्यालयातल्या इंजिनीयरने ते तिथूनच बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चोगल्यांनी चपला काढून ते परत उघडलं. असं दोनदा झालं.

मग पत्र आलं. चोगल्यांनी ते पोर्ट शाखाधिकाऱ्यासमोर स्वतःच्या हाताने बंद करावं, नाही तर त्यांचा करार पुढे चालू राहणार नाही. मी पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्यांना पेन्शन आहे, दिवेआगरला सुपारीची थोडी वाडी आहे, उपाशी मरायची वेळ नव्हती. पण बायको कधीच गेलेली, घरात दुसरं कुणी नाही. सकाळी उठून जायला त्यांना आमच्या शाखेशिवाय जागा नव्हती, हे मला दिसत होतं.

मंगळवारी अकरा वाजता इंजिनीयर फोनवर आला. चोगले कपाटासमोर बसले. वही उघडली, एका बोटाने 'शट' टिपलं, पंख्याकडे पाहिलं. बोट एंटरवर तसंच राहिलं. मी वैतागून वाकलो आणि पडद्यावर पाहिलं. दुसऱ्या पोर्टच्या वर्णनात लिहिलं होतं, 'मनीषा'.

तेवढ्यात फोनवरून इंजिनीयरने विचारलं, "सर, हे मनीषा कुठलं गाव आहे? आमच्या लिस्टमध्ये नाही."

मी फोनवर हात ठेवला आणि चोगल्यांकडे पाहिलं.

"पोरगी हाय माझी," ते म्हणाले.

मग त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. मनीषाने पुण्यातल्या मुलाशी स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा चोगल्यांनी तिला या घराशी तुझा संबंध संपला म्हणून सांगितलं. ती गेली. पुढे वादळ आलं. वाडीतल्या माडा-सुपारींबरोबर सगळे खांब आडवे झाले. चोगले पहाटेपासून तारा जोडत फिरत होते. आधी दवाखाना, मग बँक, मग बाजारपेठ. स्वतःच्या घरचा फोन त्यांनी सगळ्यात शेवटी जोडला. म्हसळ्याच्या बहिणीकडून त्यांना नंतर कळलं की मनीषा अकरा दिवस बापाला फोन लावत होती. बाप सुखरूप आहे हे आत्याकडून कळल्यावर तिने लावायचं थांबवलं. त्यानंतर फोन आला नाही.

"बंद केलं का ह्यो राउटर लिहितो, ह्यानं आपल्या हातानं बंद केलंय," चोगले म्हणाले. "उघडं ठेवलं का लिहितो, हा तयार हाय, पलीकडं कोन न्हाय. दोन्हीत लाईन न्हाय ती न्हायच. पन फरक हाय ना सायब? एकदा मी माझ्या हातानं बंद केलेलं हाय."

मला आधी रागच आला. सगळ्या पंचक्रोशीच्या तारा जोडणाऱ्या या माणसाला एक फोन लावता येत नव्हता. तसं मी बोललोही. ते म्हणाले, "काय तोंडानं लावू?" माझाही मुलगा बंगलोरला आहे, आणि त्याला मी शेवटचा फोन कधी केला ते आठवेना. मी फोनवरचा हात काढला.

"झालं का बंद?" इंजिनीयर विचारत होता.

मी म्हटलं, ते पोर्ट राहू दे. तिथे एक जोडणी यायची आहे.

"कुठून?"

"पुण्याहून."

"कधीपर्यंत येईल, सर? मला तारीख टाकावी लागेल."

मी चोगल्यांकडे पाहिलं. त्यांनी एंटरवरचं बोट उचललं, 'शट' एकेक अक्षर करून खोडलं आणि वही मिटली.

"दिवाळीपर्यंत सांगा," ते म्हणाले.

मी दिवाळी सांगितली. लाल दिव्याला मुदत मिळाली आणि करारही राहिला. त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. दसरा उलटला की मुख्यालयाचा फॉर्म येतो आणि मी मुदत एक वर्षाने वाढवून मागतो. कारणाच्या रकान्यात लिहितो, 'इकडील काम पूर्ण, पलीकडील बाकी.' चोगले चष्मा लावून ते वाचतात आणि बरोबर हाय म्हणतात. मला तसं वाटत नाही. काम इकडचंच बाकी आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे. मी सही करतो.