पूर्ण वेडे, ओरखडे आहेत

मागच्या खोलीचा नेमका उपयोग काय होतो ते लेखी दाखवा, नाहीतर तिथे मुख्यालयातल्या मोडक्या खुर्च्या ठेवण्यात येतील, असे पत्र वाचनालयात आले. त्या खोलीत मुलांना शिकवणाऱ्या बाईंनी ते दोनदा वाचले, त्याची नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "लेखीच हवंय ना? मग काळजी कसली? आपलं रजिस्टर आहे की."

खरी काळजी त्या रजिस्टरचीच होती, पण बाईंना ते ठाऊक नव्हते.

रजिस्टर लिहिणाऱ्या ग्रंथपालांना गावभर थोडक्यातसाहेब म्हणत. लांब वाक्याचा त्यांना शारीरिक त्रास व्हायचा. कुणी काही सांगू लागले की ते डोळे मिटून ऐकायचे आणि समोरच्याने श्वास घेतला की म्हणायचे, "थोडक्यात?" लग्नात त्यांनी उखाणासुद्धा दोनच शब्दांत घेतला होता. ते शब्द कोणते, हे त्यांची बायको अजून कुणाला सांगत नाही.

बाई चाळीस वर्षे शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. शाळा सुटली, पण शिकवणे काही सुटले नाही. दर शनिवारी दुपारी मागच्या खोलीत त्या आठ मुलांना जुने चित्रपट दाखवत, आणि त्यातही एकाच जातीचे. काळे-पांढरे, वाऱ्यात आपटणाऱ्या खिडक्यांचे, हातात मेणबत्ती घेऊन जिना उतरणाऱ्या, केस मोकळे सोडलेल्या, भुवया कपाळावर चढवून हसणाऱ्या बायकांचे. 'बुरुजावरची सरदारीण' हा बाईंचा सर्वांत लाडका.

"बाई, ती वेडी का झाली?" मुले विचारत.

"सिनेमातली वेडी झाली, कारण तिला जिना चांगला मिळाला," बाई सांगत. "खऱ्या आयुष्यात कुणाचं मन आजारी पडलं, तर ते माणूस असं ओरडत फिरत नाही. बहुतेक वेळा गप्प बसतं. आपण जवळ जाऊन बसायचं आणि डॉक्टरांकडे न्यायचं. हे दोन वेगळे विषय आहेत. वहीत दोन रकाने करा."

मुले दोन रकाने करत. असे शिकवलेले पोरे विसरत नाहीत.

हे सगळे चित्रपट वाचनालयाच्या एका लाकडी पेटीत होते. पेटीवर खरे म्हणजे लिहायचे होते, 'उन्माद, गूढ व भय या विषयांवरील जुने अभिजात चित्रपट'. थोडक्यातसाहेबांनी लिहिले, 'वेड'. प्रत्येक चित्रपटाच्या दोन डिस्क होत्या. सभासदाने दोन्ही नेल्या की रजिस्टरमध्ये नोंद पडे, 'पूर्ण वेडे'. एकच नेली तर 'अर्धवेडे'. डिस्क धडधाकट परत आली की 'बरे'. डिस्कवर रेघा उठल्या असतील तर 'ओरखडे आहेत'. गेली सहा वर्षे हे असेच चालले होते आणि कुणाचे काही बिघडले नव्हते.

मुख्यालयाचे तपासनीस सोमवारी येणार होते. ते शनिवारी दुपारी तीन वाजताच आले. माणूस तरुण, भांग काटेकोर, हातात फाइल आणि मनात एकच सिद्धान्त, की कागदावर असते ते खरे आणि उरलेले सगळे गप्पा.

"रजिस्टर," ते म्हणाले.

थोडक्यातसाहेबांना हा माणूस पहिल्या शब्दातच आवडला. त्यांनी रजिस्टर पुढे सरकवले.

तपासनीसांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. तीन ओळींनंतर बोट थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

'दातांचे डॉक्टर – पूर्ण वेडे, ओरखडे आहेत.'

'बँकेतले कॅशियर – अर्धवेडे. उरलेले सोमवारी.'

'मुख्याध्यापक – तिसऱ्यांदा वेडे. घरी मागणी आहे.'

'पोस्टमास्तर व सौ. – दोघे मिळून एक वेड. बरे.'

आणि सर्वांत खाली, लाल शाईत, 'बाई – कायम वेडी. मुले आठ. मागच्या खोलीत, दर शनिवारी.'

"हे..." तपासनीसांचा आवाज खाली आला. "हे सगळं खरं आहे?"

"लेखी आहे," थोडक्यातसाहेब म्हणाले.

तपासनीसांचे बोट लाल शाईवर आले.

"या बाई... कायम?"

"कायम."

"कधीपासून?"

"निवृत्त झाल्यापासून."

"घरच्यांना माहीत आहे?"

"यजमानच आणून सोडतात. पाचला नेतात."

"इलाज काही?"

थोडक्यातसाहेबांना वाटले, नवे चित्रपट मागवण्याबद्दल विचारताहेत. "वर कळवलं होतं. उत्तर नाही."

तपासनीसांना मुख्यालयाची लाज वाटली. "आणि हे सगळे कसे आहेत? म्हणजे... हिंसक वगैरे?"

"जुने आहेत. थोडी मारामारी असते. शेवट गोड."

"आणि मुलांना हे सगळं..."

"मुलांना आवडतं."

इतक्यात मागच्या खोलीतून हसणे ऐकू आले. आधी एकटे, तळघरातून वर यावे तसे, मग चढत, वळत, गिरक्या घेत. ते थांबल्यावर बाईंचा शांत आवाज आला, "छान. पण हे घशातून आलं. पोटातून हसा. आता सगळे मिळून."

मग सगळ्यांचे मिळून हसणे आले. कपाटाची काच थरथरली.

झाले होते असे, की 'सरदारीण'च्या दुसऱ्या डिस्कचा आवाजच गेला होता. चित्र दिसे, पण पात्रे नुसती तोंडे हलवत. दुसरा कुणी असता तर डिस्क टाकून दिली असती. बाई म्हणाल्या, "उत्तम! आता आवाज आपण द्यायचा." पुढच्या आठवड्यात पालकांसमोर खेळ होता आणि आज तालीम होती. सरदारणीचा आवाज देत होती चिमणी, वर्गातली सर्वांत लहान मुलगी, जिचा आवाज शाळेत कुणी फारसा ऐकलेला नव्हता. आता तो रस्त्यावर ऐकू जात होता.

"आत मुलं आहेत?" तपासनीस उभे राहिले.

"सात. एकाला गालगुंड."

"आणि दाराला बाहेरून कडी?"

"आतून लागत नाही," थोडक्यातसाहेब म्हणाले. कडी नसली की दार उघडे पडे आणि उजेड पडद्यावर येई, हे सांगायला आणखी एक वाक्य लागले असते. ते त्यांनी वाचवले.

तपासनीसांनी टेबलावरचा फोन ओढला आणि आपल्या साहेबांना लावला. "सर, इथे परिस्थिती गंभीर आहे. निम्मं गाव... हो, वेडं. हो सर, लेखी आहे. डॉक्टर, मुख्याध्यापक, सगळे. एका बाईंना मागच्या खोलीत मुलांसकट कोंडलंय. बिचारी स्वतःच शिकवतेय, सर, मुलांना... हसायला."

पलीकडून साहेब म्हणाले, "घाई करू नका. आपल्याकडून कुणाचं मन दुखावलं जाऊ नये. आजच्या टपालाने लेखी अहवाल पाठवा."

फोन ठेवला आणि दारातून दातांचे डॉक्टर आत आले. हातात डिस्कची डबी.

"काय हो, वेड परत करायला आलोय," ते आनंदाने म्हणाले. "माझं झालं. आता बायको म्हणतेय तिलाही हवं. मोठं असलं तर द्या, पाहुणे आलेत."

तपासनीस पुस्तकांच्या कपाटामागे गेले.

"हे कोण?" डॉक्टरांनी विचारले.

"तपासनीस."

"अरे वा! यांनाही लावा की थोडं. चेहरा बघा किती ओढलाय." आणि दुसरी डबी काखेत मारून डॉक्टर शीळ घालत निघून गेले.

तपासनीस कपाटामागे उभे होते. घाबरले होते, हे खरे. पण मुळात ते कामाला पक्के होते. दाराआड एक आजारी बाई आणि सात मुले आहेत, आणि बाहेर एक ग्रंथपाल शांतपणे पेन्सिलीला टोक काढतो आहे, हे त्यांना सहन होईना. त्यांनी फाइल छातीशी धरली, दारापाशी गेले आणि कडी काढली.

आत अंधार. समोर भिंतभर सरदारीण मेणबत्ती घेऊन जिना उतरत होती. तिच्यासमोर, खालून चेहऱ्यावर बॅटरीचा उजेड पाडून, पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या होत्या. आणि एका स्टुलावर उभी राहून एक टीचभर मुलगी गरजली, "कोण आहे तो? माझ्या बुरुजात आलेला माणूस परत जात नाही!"

तपासनीसांनी दोन्ही हात पुढे केले. प्रशिक्षणात शिकवले होते तसा आवाज मऊ केला आणि सावकाश म्हणाले, "शांत व्हा. मी तुमचा शत्रू नाही. आपण बसून बोलू."

भिंतीवर त्याच क्षणी कोटातला डॉक्टर जिन्याखाली आला होता. त्यानेही दोन्ही हात पुढे केले होते. त्याचे ओठ हलले आणि थांबले, तपासनीसांच्या शब्दांबरोबर, अगदी अक्षराला अक्षर.

"बाई! ओठ जुळले!" चष्मेवाला मुलगा ओरडला. "गालगुंडवाल्याचे एकदाही जुळले नव्हते!"

बाईंनी बॅटरी विझवली आणि दिवा लावला. "सुंदर," त्या म्हणाल्या. "काय हो, कुठे काम केलंय का यापूर्वी?"

"मी... तपासनीस आहे."

"असू दे. 'शत्रू' म्हणताना र थोडा पुसला जातोय, तेवढा सांभाळा. डॉक्टरची जागा रिकामीच आहे. या, इथे उभे राहा."

तपासनीसांनी पडद्याकडे पाहिले, मुलांकडे पाहिले, वह्यांतल्या दोन रकान्यांकडे पाहिले. एका रकान्यात लिहिले होते, 'सिनेमातले वेड : जिना, मेणबत्ती, केस.' दुसऱ्यात, 'खरे : गप्प बसते. जवळ बसावे.' त्यांनी तो दुसरा रकाना दोनदा वाचला. शेवटी ते लेखीच होते.

"म्हणजे रजिस्टरमधलं वेड..." ते म्हणाले.

"पेटी आहे हो ती. वेडाच्या सिनेमांची," बाई म्हणाल्या. "आमच्या साहेबांना शाई जपायची सवय आहे. तुम्हाला काय वाटलं?"

"काही नाही," तपासनीस म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. फाइल खाली ठेवून ते पडद्याशेजारी जाऊन उभे राहिले. "पुन्हा सुरुवातीपासून घ्यायचं का? मघाशी माझी तयारी नव्हती."

पुढचा दीड तास तपासनीसांनी सरदारणीला शांत केले. तिसऱ्या वेळी तर असे केले, की चिमणीच्या डोळ्यांत पाणी आले आणि बाईंना 'थांबा' म्हणायचे भान राहिले नाही.

पाचला टपाल निघायचे होते. पाचला दहा मिनिटे कमी असताना तपासनीस धावत बाहेर आले. बोलून बोलून घसा बसला होता, आणि चिमणीसाठी मेणबत्ती धरून बोटांवर मेण सांडले होते.

"तुम्ही लिहून घ्या," ते थोडक्यातसाहेबांना घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी सांगतो. नीट घ्या हं, या खोलीचं भवितव्य आहे. लिहा. मागील खोलीत एक निवृत्त शिक्षिका दर शनिवारी आठ मुलांना वेड या विषयावरील जुन्या चित्रपटांच्या साहाय्याने उच्चार, वाचन आणि माणसाच्या मनाविषयी आस्था शिकवतात. मुलांची प्रगती मी स्वतः पाहिली असून ती उत्तम आहे. माझी ठाम शिफारस आहे, की खोली त्यांच्याकडेच राहावी, आणि आवश्यक त्या सुधारणा मुख्यालयाने कराव्यात."

थोडक्यातसाहेबांनी डोळे मिटून सगळे ऐकले. मग डोळे उघडून लिहिले. तपासनीसांनी घाईत सही ठोकली, पाकीट टपालात पडले आणि ते पुढच्या शनिवारी यायचे कबूल करून गेले. जाताना 'सरदारीण'च्या दोन्ही डिस्क घेऊन गेले, सरावासाठी. थोडक्यातसाहेबांनी नोंद केली, 'तपासनीस – पूर्ण वेडे. शनिवारी परत.'

पाकिटातल्या कागदावर एवढेच होते : 'मागे शिक्षिका व मुले आठ. वेड जुने. प्रगती उत्तम. खोली त्यांच्याकडेच राहावी. सुधारणा कराव्यात.'

आणि मुख्यालयातल्या साहेबांच्या कानात शनिवारचा फोन अजून ताजा होता.

बाराव्या दिवशी वाचनालयासमोर एक टेम्पो थांबला. चार माणसांनी त्यातून जाड, मऊ गाद्या उतरवल्या आणि दिवसभर खपून मागच्या खोलीच्या चारही भिंतींना, दाराला आणि छताच्या कडांना ठोकल्या. मोडकी कडी काढून दोन्ही बाजूंनी सहज उघडणारी नवी बसवली. त्या चौघांतल्या वयाने मोठ्या माणसाने जाताना बाईंकडे पाहून फार हळू आवाजात विचारले, "आता बरं वाटतंय ना, आई?"

"बरं? अहो, झकास वाटतंय!" बाई म्हणाल्या.

त्यांनी मधोमध उभे राहून एक टाळी वाजवली. आवाज जरासुद्धा घुमला नाही. चिमणीला पोटातून हसायला सांगितले. तिने हसून घेतले, आणि बाहेर टेबलाशी बसलेल्या थोडक्यातसाहेबांनी मानसुद्धा वर केली नाही.

"बघा," बाई बाहेर येत म्हणाल्या, "सिनेमाला अशीच खोली लागते. मुख्यालयात कुणीतरी खरा जाणकार बसलाय."

टेबलावर मुख्यालयाचे पत्र उघडे पडले होते, चांगले चार पानी. विषय होता, 'रुग्ण शिक्षिकेने भिंतीवर डोके आपटू नये म्हणून गाद्या'. थोडक्यातसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच एक लांब पत्र शेवटपर्यंत वाचले होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. मग त्यांनी तेच पत्र पुन्हा सुरुवातीपासून वाचले, गाद्यांकडे पाहिले, बाईंकडे पाहिले, आणि पत्राची बारीक घडी घालून खिशात टाकली.

"काय लिहिलंय हो?" बाईंनी विचारले. "वाचा की."

"थोडक्यात," साहेब म्हणाले, "मंजूर."