वैरागडे सरांचे आलूबोंडे

वैरागडे सरांना प्रत्येक गोष्टीचे दहापैकी मार्क लागत. "चहा चांगला झालाय सर," असं कुणी म्हटलं की मानेला झटका देऊन विचारत, "चांगला म्हणजे किती? आकड्यात सांग!" एकदा तेरवीच्या पंगतीत त्यांनी शेजारच्या माणसाला बुंदीच्या लाडवाचे मार्क विचारले. तो मयताचा सख्खा भाऊ निघाला. त्यानं हुंदका गिळून "सात" सांगितले म्हणे, आणि सरांनी मान डोलावून ते रास्त ठरवले.

सर आम्हाला बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवायचे. गोष्ट आणीबाणीच्या जरा आधीची. माणसाचं सुख मोजता येतं, यावर त्यांचा ठाम विश्वास. नवी पुस्तकं म्हणत, तसं काही मोजता येत नाही. सर त्या मोठमोठ्या लेखकांना सरळ 'पोट्टे' म्हणायचे. "हे कालचे पोट्टे मले शिकवतीन?"

त्यांचा सगळ्यात लाडका नियम म्हणजे घटत्या सीमांत उपयोगितेचा. नाव ऐकून घाबरू नका. भुकेल्या माणसाला पहिला आलूबोंडा अमृतासारखा लागतो, दुसरा बरा लागतो, आणि पाचवा दिसला की तो उठून जातो. एवढंच ते. पुस्तकात अर्ध्या पानात संपतं, पण सरांचं तेवढ्यानं कुठलं भागायला! दर वर्षी ते कँटीनमधून टोपलीभर आलूबोंडे मागवत, एका पोराला टेबलाशी उभं करत आणि प्रत्येक बोंड्यानंतर मार्क विचारून फळ्यावर रेघ ओढत. रेघ दर वर्षी शहाण्यासारखी खाली यायची.

त्या वर्षी सरांनी सुखदेव मेश्रामला उठवलं. सुखदेव मौद्याच्या पलीकडच्या खेड्यातला. होस्टेलात आम्ही एकाच खोलीत राहायचो. त्यानं मेस लावली नव्हती. दिवसातून एकदा स्टोव्हवर भात टाकायचा आणि वर आम्हालाच सांगायचा, "मले भूकच लागत नाही गा." माझ्या घरून आलेला चिवडा त्यानं कधी चिमूटभर घेतला नाही. असा राग यायचा मला! असंच चाललं तर हा शिक्षण सोडून गावी परतणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"किती?" पहिल्या बोंड्यानंतर सरांनी विचारलं.

"दहा, सर."

दुसऱ्याला दहा. तिसऱ्याला दहा. पाचवा गेला तरी दहाच, टोपली रिकामी झाली तरी दहाच. फळ्यावरची रेघ काही केल्या वाकेना. वर्ग हसून हसून लोळायला लागला आणि सर घामाघूम झाले.

"अरे, थोडा तरी कंटाळ ना गा! काहून माझ्या मुळावर उठला?"

"खोटं कसं सांगू सर? दहाच हाये."

सर खडू धरून त्याच्याकडे बघत राहिले. मग एकदम आमच्यावर ओरडले, "दात काय काढता! प्रयोग फसला नाही, माल कमी पडला. मेश्राम, रविवारी दुपारी माझ्या घरी यायचं. पूर्ण जेवणावर पाहू. शास्त्राचा प्रश्न आहे, नाही म्हणायची सोय नाही."

आणि माझ्या चिवड्याकडे न बघणारा हा मानी गडी शास्त्रासाठी सायकल हाणत प्रताप नगरला गेला. मग दर रविवारी जायला लागला. सर वर्गात गंभीर चेहऱ्यानं जाहीर करायचे, "मेश्रामचा निकाल अजून हाती यायचा आहे." म्हातारा भारीच चालू! सुखदेव टिकला तो त्यामुळे.

दिवाळीनंतर त्याची स्कॉलरशिप आली आणि त्यानं मेस लावली. आमच्या मेसमध्ये रविवारी दुपारी फिस्ट असायची. पुऱ्या, बटाट्याची भाजी, काहीतरी गोड. ती सोडून हा पठ्ठ्या शर्ट चढवून पुन्हा निघाला. माझं टाळकंच सरकलं.

"आता काहून जाऊन राहिला? मेस लागली ना तुझी? सांगून टाक सरांना, पोट भरलं म्हणून. का फुकटचं गोड लागून राहिलं तुले?"

"गोड?" सुखदेव दारातून मागे वळला. "एकदा खाऊन पाय. वरण करपलेलं, पोळ्या कच्च्या. बायको वारल्यापासून सर घरी एकटेच हायेत. बाकीचे दिवस चहा-टोस्टवर काढतात, शेजारच्या काकूनं सांगतलं मले. मी येतो म्हणून रविवारी त्यायचा स्टोव्ह पेटते. मी पोट भरलं म्हटलं, का तेही बंद."

डोळ्यांत पाणी आलं, ते त्याला दिसू नये म्हणून मी उगाच गादीवरची चादर झटकत बसलो.

पुढच्या रविवारी फिस्टला श्रीखंड होतं. ते सोडून मी सुखदेवच्या सायकलवर डबलसीट बसलो. सर फाटकाशी रस्त्याकडे बघत उभे होते. मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा कशाला?"

"याचं बी पोट भरत नाही म्हणते, सर," सुखदेव म्हणाला.

सरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझी अंगलट तेव्हाही चांगली भरलेली होती. माझं पितळ उघडं पडलं असं मला वाटलं. पण सर तसेच आत गेले. डबा उघडला, परातीत आणखी कणीक पडली, आणि आतून त्यांचा खणखणीत आवाज आला, "मेश्राम, दोघं हाये तर वांगे बी टाकतो गा!"

वर्गात इतकी वर्षं बोलणाऱ्या माणसाचा इतका आनंदी आवाज मी कधी ऐकला नव्हता. म्हटलं, श्रीखंड गेलं खड्ड्यात, आणि हात धुऊन पाटावर बसलो.