मी गो, मी!

तोंडवलीत नाव सांगून कोणी घरात शिरत नाही. माणूस आवाराच्या दगडी गडग्याशी उभा राहतो, "मी गो, मी!" अशी आरोळी ठोकतो आणि चपला काढायला लागतो. त्यावर आतून "कोण?" असं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. नांदगावहून नुकतीच लग्न होऊन आलेल्या अनुजाला हे कोणी सांगितलंच नव्हतं. (नांदगावला हायवे आहे. तिथे नाव, गाव आणि काम विचारल्याशिवाय कोणाला पाणीसुद्धा देत नाहीत.)

लग्नानंतर चौथ्या दिवशी तिने "कोण?" विचारलं, ते नेमकं भिकाजीमामांना. सासूबाईंचे थोरले भाऊ. हातातली सुरमईची पिशवी गडग्यावर ठेवून ते म्हणाले, "भैनीच्या घरात माका आता आधारकार्ड दाखवूचा लागतला?" आणि आल्या पावली परत गेले. सुरमई मांजराने खाल्ली.

त्या दिवसापासून सासूबाईंचं माहेर बंद झालं. माहेर कसलं, दोन वाड्या पलीकडचं घर. पण मामा येईनात आणि बोलावणंही धाडीनात. सासूबाई अनुजाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. संध्याकाळी पडवीत बसून नुसत्या त्या दिशेच्या माडांकडे बघत राहायच्या. त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या.

तेव्हा अनुजाने ठरवलं, यापुढे विचारायचं नाही. ओळखायचं.

तिचा नवरा विनीत म्हणाला, "सोप्पा आसा. माका सगळ्यांचे आवाज पाठ आसत." त्याने मोबाइलवर आलेले नातेवाइकांचे एकोणतीस व्हॉइस मेसेज तिला धाडून दिले. अनुजा खोबरं खवताना ते ऐकायची. अमका बोलण्याआधी खाकरतो, तमकीचा शेवटचा शब्द नाकात जातो. पंधरा दिवसांत तिला अठ्ठावीस जण पाठ झाले. एकोणतिसावा आवाज मात्र ऐकला की तिचा हात थांबायचा. खोल विहिरीतून यावा तसा घोगरा, संथ आवाज: "मी गो, मी. घरात आसस मां? येतंय हां."

"ही कोण?"

विनीतने मोबाइलवरचं नाव वाचलं. "रुक्मिणीमामी. भिकाजीमामाची थोरली वयनी. मार्गशीर्षात गेली ती. जुना मेसेज असतलो, डिलीट करूचो रवलो."

सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावून ठेवलं होतं: भर दुपारची हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. मेलेलं माणूस तिसरी हाक मारत नाही.

आणि एका दुपारी सगळे कसालला लग्नाला गेले असताना ती हाक आली.

वीज गेलेली. माडाचं एक झावळ हलत नव्हतं. रात्रंदिवस कानात असणारा समुद्रही कोणी झाकण घातल्यासारखा गप्प. मांजर स्वयंपाकघराच्या मधोमध बसून मागच्या दाराकडे टक लावून बघत होतं.

"मी गो, मी. घरात आसस मां?"

मागच्या दाराशी. घोगरा, संथ. अनुजाने ओळखला. (इतके दिवस एवढ्यासाठीच तर अभ्यास केला होता!) उत्तर द्यायला उघडलेलं तोंड तिने दोन्ही हातांनी मिटलं.

"मी गो, मी."

दोन झाल्या. तिसरी आली नाही. बराच वेळ आली नाही. मग समोरच्या खळ्यात, अंगणात, पाचोळा वाजला आणि पुढच्या खिडकीशी तोच आवाज उमटला, "घरात आसस मां गो?"

आता ही तिसरी धरायची, की दार बदललं म्हणून पुन्हा पहिली? हे काही सासूबाईंनी सांगितलं नव्हतं. इतक्यात मोबाइल थरथरला. पडद्यावर रुपयाएवढं कुंकू लावलेली बाई आणि खाली नाव: रुक्मिणीमामी.

अनुजाने फोन कापला आणि विनीतला लावला. "अहो, रुक्मिणीमामी इली आसा."

पलीकडे बँडचा आवाज. मग विनीतचा, एकदम बारीक झालेला. "दार उघडू नको! मी येतंय."

"कधी?"

"पंगत उठली की लगेच."

खिडकीबाहेर बांगड्या किणकिणल्या. "गो बाये, तान लागली आसा. थोडा पाणी तरी दी."

सवाष्ण गेलेली बाई, तहानलेली, हिची काहीतरी इच्छा राहिली असणार. अनुजाने तांब्या भरला. सुपात नारळ, तांदूळ, हळदकुंकू आणि स्वतःच्या लग्नातला खण ठेवला. डोळे गच्च मिटून एकेक वस्तू गजांतून बाहेर सारली. तिच्या बोटांना एक हात लागला. बर्फासारखा थंड.

"मामी," ती कशीबशी म्हणाली, "आता सुखान जा. परत येव नको. आमच्यात कोणाक दिसा नको."

मग पाचोळा वाजत वाजत लांब गेला.

संध्याकाळी सगळे परतले तेव्हा अनुजा देवासमोर बसलेली होती. तिचं सांगून होतंय तोवर गडग्याशी आरोळी आली, "मी गो, मी!" भिकाजीमामा! आणि त्यांच्या मागे तिचा लग्नातला खण हातात घेतलेली एक घोगऱ्या आवाजाची बाई.

"लक्ष्मीमामी!" विनीत ओरडला.

मामांची बायको. लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला होती, म्हणून अनुजाच्या लग्नात नव्हती. थोरल्या जावेचा फोन नुसता पडून होता तो वापरत होती. जावेचं नाव आणि फोटोही तसाच ठेवलेला. तो एकोणतिसावा मेसेजही तिनेच पुण्याहून धाडलेला होता. (सगळ्यांचे आवाज पाठ असलेल्या माणसाने तो कधी ऐकलाच नव्हता.) मामांचा रुसवा काढायला ती दुपारी बर्फातले सरंगे मासे घेऊन आली होती.

"न इचारता ओळखल्यान!" मामा खळ्यात उभे राहून सगळ्या वाडीला सांगत होते. "मामी म्हणान हाक मारल्यान, ओटी भरल्यान! सून व्हयी तर अशी."

"लाजरी आसा, दार उघडूक नाय," मामी म्हणाली. "पण ओटी भरून वर 'परत येव नको' असा कित्याक म्हणता?"

सासूबाईंनी एकदा भावाकडे पाहिलं, एकदा माडांकडे. आणि शांतपणे म्हणाल्या, "नांदगावची रीत आसा ती. मानाच्या माणसाकच तसा म्हणतत."

अनुजाने हळूच विचारलं, "मामी, तुम्ही आधी मागच्या दाराशी..."

"मागल्या दाराक? थंय मी कित्याक जातंय? सरळ खिडकीकडेच इलंय."

मांजर अजून स्वयंपाकघरातच, मागच्या दाराकडे बघत बसलं होतं.

महिन्याभराने अनुजा पहिल्यांदा माहेरी निघाली. तिठ्यावर एसटी लागली, निम्मी वाडी जमली, आणि लक्ष्मीमामी धापा टाकत आली. मानाच्या सुनेची मानानेच पाठवणी करायची म्हणून तिने ओटी भरली, आणि त्या विहिरीतल्या आवाजात, शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "आता सुखान जा गो बाये! परत येव नको! आमच्यात कोणाक दिसा नको!"

बाकीच्यांनी भक्तिभावाने माना डोलावल्या. एसटी सुटली.

शेजारच्या म्हातारीने अनुजाचा हात हातात घेतला. "लग्नाक किती दिस झाले गो?"

"दोन महिने."

"दोनच म्हयन्यांत हाकलल्यानी? असा काय केलंस गो?"

अनुजाने खरं तेच सांगितलं. "मामींका भूत समाजलंय."

म्हातारीने हात सोडला, पिशवी उचलली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. "बरोबर केल्यानी," असं ती कंडक्टरला सांगत होती, तेवढं अनुजाला स्पष्ट ऐकू आलं.