तात्याच्या टायरातलं पाणी

कुणाचाही ट्रॅक्टर दिसला की आमचा चुलतभाऊ किसन आधी मागच्या टायरवर अंगठा दाबायचा आणि बाजारात बैलाचं वय सांगावं तसं सांगायचा, "दोन दाती हाय." थोडा झिजला असला तर "चार दाती." माझ्या टायरपाशी आला की नुसती मान हलवायचा. ती मान मला फार लागायची.

सगळी भावकी त्याला तात्या म्हणते. माझ्याहून चार महिन्यांनी मोठा, म्हणून मलाही म्हणावं लागतं. बोरी बुद्रुकला आमची रानं बांधाला बांध लावून. नव्वद सालाच्या आसपास दोघांनी एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे ट्रॅक्टर घेतले. पुढं दोघांच्याही टायरांचा गोटा झाला. पण माझा ट्रॅक्टर कांद्याच्या रानात जागेवर चाक फिरवत बसायचा आणि त्याचा, तसल्याच टकल्या टायरांवर, खुशाल बांधापर्यंत जायचा. माझ्या पोटात दुखायचं, ते काही अपचनानं नव्हे.

विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "वरची नक्षी काय बघतूस? आतलं वजन बघ."

आतलं वजन म्हणजे पाणी. चाकानं जमीन धरावी म्हणून मागच्या टायरांत आम्ही सगळेच पाणी भरतो. तात्याच्या पाण्यात मात्र तो आणि त्याची बायको भागी देवाला गेले तेव्हा आणलेला भीमाशंकरच्या कुंडाचा एक कॅन ओतलेला आहे, हे गावाला ठाऊक होतं. मग मीही एकदा घरात न सांगता एकटाच एसटीनं भीमाशंकरला गेलो, कॅन भरून आणला आणि टायरात घातला. दुसऱ्याच दिवशी ओल्या रानात पार एक्सलपर्यंत रुतलो. साखळी लावून बाहेर काढलं तात्यानंच. वर आमच्या मंडळींनी त्याला चहा केला, आलं घालून. खरं तर तो वाफसा बघून, म्हणजे ओल चाक पेलण्याइतकी उतरली की, रानात शिरायचा आणि मी त्याच्या आधी शिरायचं म्हणून. पण हेव्यानं पेटलेल्या माणसाला वाफसा कुठून दिसणार?

टायर बदल म्हणून त्याला सगळे सांगून थकले. तो आतून ठिगळ लावून चालवायचा. मी त्याला चिकट म्हणून मोकळा झालो होतो. शेवटी एका वर्षी कांद्याच्या लागणीत टायरची कड फाटली आणि आतली ट्यूब फोडासारखी बाहेर आली. फाट्यावरचा पंक्चरवाला नवे टायर घेऊन रानातच आला, तेही माझ्या ट्रॉलीतून. काळ्याभोर, खोल नक्षीचे ते टायर मला वाटभर मागं वळून बघावे लागले.

पंक्चरवाला पाणी मातीत सोडणार, तोच तात्यानं खाली घमेलं सरकवलं. मग बादली, मग घागर, मग ड्रम. विहीर तर शेजारीच होती. पंक्चरवाला हसत म्हणाला, नवं पाणी भरू की.

तात्यानं भरलेली बादली बाजूला ठेवली. "ह्या पाण्यात भागीनं आणलेला कॅन हाय. देवळाच्या पायऱ्या चढताना मी मागितला, दिला न्हाई. काखंला मारून वर आली. फुडल्या साली गेली." घमेल्यातलं पाणी ड्रममध्ये ओतत म्हणाला, "सांडंल म्हनून टायर बदलत नव्हतो, राव."

पंक्चरवाल्यानं रिकामी बादली पुढं धरली.

पाणी नव्या टायरांत गेलं. तळाला तांब्याभर उरलं, ते तात्यानं माझ्यापुढं धरलं. "घे, तुझ्या टायरात टाक. तुला लई वर्षं पायजे व्हतं."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. मी तांब्या घेतला नाही. तुझ्याच टायरात अजून जागा आहे म्हणालो आणि घरी निघालो. त्या दिवशी मी जन्मात जळलो नव्हतो इतका जळलो, पण टायरांवर नव्हे.

बायको अंगणात कांदे निवडत होती. तिला विचारलं, सोमवारी माझ्याबरोबर भीमाशंकरला येतेस का.

ती वर न बघता म्हणाली, "का वं? तुमालाबी टायर बदलायचेत?"

"बदलायचेत," मी म्हणालो. "पण कॅन तू आणायचा."