आइस्क्रीमच्या डब्यांचं हृदय

"उद्या येताना घरून एकेक बाटली आणा. कोणी लाल पाणी, कोणी निळं," कल्पिताबाईंनी दुसरीच्या वर्गाला सांगितलं ते एवढंच.

मोहने गावातल्या त्या छोट्या शाळेत बाई सहा महिन्यांच्या नेमणुकीवर होत्या. उद्या ठाण्याहून गायकर साहेब त्यांचा पाठ बघायला येणार, आणि त्यांच्या शेऱ्यावर बाईंचं पुढचं वर्ष ठरणार. पाठ हृदयाचा. आइस्क्रीमच्या रिकाम्या चार डब्यांच्या चार खोल्या, प्लॅस्टिकच्या नळ्या, दाबायला रबरी फुगा. बाईंनी सगळं जुळवलं होतं. कमी होता फक्त रंग.

मुलांना तो शोधायला लागलाच नाही. शाळेमागच्या चाळीत प्रत्येक उंबऱ्याबाहेर रंगीत पाण्याची बाटली उभी असते. तिला बघून कुत्री दारात बसत नाहीत, असं चाळीचं ठाम मत आहे.

सकाळी टेबलावर अठ्ठावीस बाटल्या रांगेत लागल्या आणि बाईंनी त्यातली एक उचलून निरखून पाहिली.

"अगं सान्वी, दारातली आणलीस?"

"हो बाई. आर्यनने तर शांताआजीचीपण आणली."

"तिच्याकडे दोन होत्या," आर्यन म्हणाला. "मी एकच आणली. म्हणजे दुसरीपण आणलेली, पण ती रस्त्यात फुटली."

तेवढ्यात साहेब आले. वर्गाच्या नियमाप्रमाणे बूट दाराबाहेर काढून आत आले आणि बाटल्या बघून हसले. "यांनी कुत्री पळतात म्हणे! या जमान्यात, बाई?"

"म्हणूनच हृदयात ओततेय, साहेब," बाई म्हणाल्या, आणि एक लाल, एक निळी डब्यांत ओतून त्यांनी ताल धरला. मुलं सुरात सुरू झाली:

"उजव्या गं खोलीतून, निळं पाणी निघे दूर,
फुफ्फुसाच्या माहेरी गं, वारा पिई पोटभर.
लाल लुगडं नेसून, डाव्या खोलीत ते येई,
तिथून गं साऱ्या गावा, वाण वाटायाला जाई."

साहेबांची मान डोलली. बाईंनी फुगा दाबायला हात घातला, आणि दारात शांताबाई उभ्या राहिल्या. हातात खराटा, मागे चाळीतल्या चार बायका.

"कुठायत माझ्या बाटल्या? पहाटेपासून उंबऱ्यावर कुत्रं पसरलंय! हाकललं तर माझ्याच मागं हितवर आलंय!"

"साहेब, तुमचा बूट!" सान्वी ओरडली.

कुत्रं बूट तोंडात धरून मैदानात पोचलं होतं. साहेब मोज्यांनिशी धावले. सगळा वर्ग खिडकीकडे पळाला, टेबलाला धक्का लागला, आणि चार खोल्यांचं हृदय लवंडून फरशीवर जांभळं ओघळलं.

दोन फेऱ्यांनंतर साहेब बूट घेऊन परतले आणि धापा टाकत खुर्चीत कोसळले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता कुठलं पुढचं वर्ष!

"बाई, हे सांडू दे," आर्यन म्हणाला. "साहेबांच्यात आहे ना एक. चालू."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांना बोलायलाही दम नव्हता. त्यांनी नुसता हातानेच होकार दिला. बाईंनी एका नळीला पाणी ओतायचं नरसाळं लावलं, ते साहेबांच्या छातीवर टेकवलं आणि नळीचं टोक आर्यनच्या कानाशी धरलं.

"आईशप्पथ! आत कोणतरी ढोल वाजवतंय!"

"साहेब धावले ना? पायांना जास्त रक्त हवं, म्हणून ते घाईत आहे."

रांग लागली. शेवटी सान्वीने ऐकलं. "बाई, माझ्या वेळेला हळू झालं."

"विसावलं ते."

शांताबाईंनी खराटा भिंतीला टेकवला आणि त्याही रांगेत आल्या. डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या. "अगं, हे तर दळाय बसलंय. माणूस झोपलं तरी दळतं का गं?"

"झोपेतसुद्धा, शांताआजी."

त्यांनी हात हळूच आपल्या छातीवर ठेवला. "सत्तर वर्षं झाली. कधी बस म्हणून म्हटलं नाय मी याला."

साहेबांनी वही उघडून शेरा लिहिला: 'मुले हृदय शिकली. बाईंना पुढे ठेवावे.' बाईंनी तो दोनदा वाचला.

बायका आपापल्या बाटल्या ओळखून उचलू लागल्या. साहेब एक बूट घालून दारात थबकले. समोर पायरीवर कुत्रं दुसऱ्या बुटाकडे बघत बसलं होतं.

"शांताबाई," साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "एक निळी मिळेल का? म्हणजे... नमुना म्हणून. आमच्या सोसायटीत जरा..."

"निळी नको," शांताबाईंनी शेजारणीच्या हातातली लाल बाटली काढून त्यांच्या पिशवीत घातली. "ठाण्याच्या कुत्र्यांना लालच लागंल."