सलोमीबाईंचा सत्तावीस तारखेचा नाताळ

सलोमीबाईंना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. जन्माच्या वेळचं वजन मात्र त्या कधी विसरत नाहीत. मुलचेऱ्याच्या आठवडी बाजारात भाजी निवडता निवडता त्या मध्येच मान वर करतात आणि गर्दीत कुणाला तरी हाक मारतात, "ए पावणेदोन किलो! इकडं ये गा जरा!" मग गर्दीतून एक सहा फुटी, मिशीवाला गृहस्थ निमूटपणे पुढे येतो. तो तालुक्यातला मोठा कंत्राटदार असतो, चार माणसं मागे घेऊन फिरणारा. "ह्याले सात दिवस कापसात गुंडाळून ठेवलं होतं मी," बाई सगळ्या बाजाराला ऐकवतात, "अन् आता पाहा, माह्यासमोर पोट घेऊन उभा हाय." कंत्राटदार लाजतो आणि बाईंची पिशवी घरापर्यंत पोचवून देतो.

बाई इथल्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होत्या. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. मी शाळेत मास्तर. आमचं भाड्याचं घर आणि बाईंचं घर यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे, आणि त्या भिंतीवरून आमचा सगळा संसार चालतो. मी मूळचा सावली गावचा, म्हणजे माझं वजन बाईंच्या डोक्यात नाही, आणि याचा त्यांना फार त्रास होतो. एकदा त्यांनी माझ्या आईला फोन लावूनच विचारलं. आई म्हणाली, "घरीच झाला जी. सुईणीनं उचलून पाह्यलं अन् म्हणे, बरा हाय."

"'बरा हाय' हे का वजन हाय?" बाईंनी फोन ठेवला आणि तेव्हापासून मी 'बिनवजनी गुरुजी' झालो.

त्यांच्या ओसरीच्या आढ्याला बाळं तोलायचा काटा टांगलेला आहे, खाली कापडी झोळी. त्यात कोंबडी, कोहळा, पोस्टाचं पार्सल, जे हाताला लागेल ते तोललं जातं. दुसरा त्यांचा छंद म्हणजे कार्ड. जन्मतारीख आणि लसी लिहिलेलं माता-बालकाचं कार्ड. गल्लीत कुणीही कसलीही तक्रार घेऊन आलं की बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं, "पह्यले कार्ड आणा." शेजारच्या गल्लीतली एक सून सासूची गाऱ्हाणी सांगायला आली होती. तिलाही कार्ड आणायला परत पाठवलं. ती कार्ड घेऊन आली, बाईंनी ते वाचलं, एक लस राहिली होती. सासू राहिली बाजूला, त्या दोघी बाळाला लस द्यायला दवाखान्यात निघून गेल्या.

जूनच्या सत्तावीस तारखेला आमचं बाळ, मैत्री, जन्मलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात बाई माझ्या बायकोबरोबर, प्रज्ञाबरोबर, होत्या. मी बाहेर घाबरून बसलो होतो. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दोन किलो आठशे." मुलगा की मुलगी, हे मला त्यानंतर पाच मिनिटांनी कळलं.

नोव्हेंबर लागला तसा बाईंनी बांबूच्या कामट्यांचा तारा करायला घेतला आणि भिंतीवरून जाहीर केलं, "यंदा मैत्रीचा पह्यला नाताळ! तुमची काई हरकत तं नाई ना गुरुजी?"

आम्ही बौद्ध. पण हरकत कसली? प्रज्ञा तर भिंतीवरून उडी मारायचीच बाकी होती. ती रोज संध्याकाळी मैत्रीला घेऊन पलीकडे जाऊ लागली, आणि बाई लाटणं हातात धरून त्यांच्या घरच्या रीती सांगू लागल्या. करंज्यांचं सारण कसं, अनारशाचं पीठ किती दिवस मुरवायचं, येशूजन्माची गव्हाण कशी मांडायची. बाईंची गव्हाण मातीची, स्वतः केलेली. तीत बाळ येशू, मरियम, योसेफ, दोन बकऱ्या आणि एक वाघ. मी विचारलं, वाघ कसा? "काऊन? गव्हाण जंगलाच्या कडेला हाय तं वाघ नाई येईन का उंट येईन?" शिवाय वाघापासून चार बोटांवर खाकीतला एक वनरक्षक उभा होता, म्हणजे काळजी नको. मरियमेबद्दल बोलताना बाईंना अजूनही राग येतो. "भरल्या दिवसाची बाई, अन् कोणी जागा नाई देल्ली! मी असती तं सराईवाल्याले सोडला नसता."

पण सगळ्या रीतींमधली मोठी रीत खिरीची. बाळाच्या पहिल्या नाताळाला घरातलं सगळ्यात मोठं माणूस बाळाला तांदळाच्या खिरीचा पहिला चमचा भरवतं. बाईंची आई हे करायची. तो चमचा, छोटासा चांदीचा, बाईंकडे होता. आठवडाभर तो घासणं चाललं होतं. एका दुपारी मी भिंतीवरून सहज पाहिलं, तर बाई मांडीवर कोहळा घेऊन बसलेल्या. कोहळा बरोबर मैत्रीच्या वजनाचा, काट्यावर तोलून आणलेला. बाई त्याच्या देठाशी रिकामा चमचा नेत होत्या आणि "आ कर व माय, आ कर," म्हणत होत्या.

मी खोकलो. बाई दचकल्या. "हजारो लेकरं ह्या हातानं जन्माले आणले गुरुजी," त्या म्हणाल्या, "पण भरवलं एकालेबी नाई. आमचं काम तिथी संपते ना. पुढचं सारं घरचे लोक करते."

बावीस डिसेंबरला प्रज्ञा लस विचारायला गेली आणि बाई म्हणाल्या, "पह्यले कार्ड आण." कार्ड आलं. बाईंनी चष्मा लावला, बोटं मोजली आणि मटकन खाली बसल्या. नाताळच्या दिवशी मैत्रीला सहा महिने पुरे होत नव्हते. दोन दिवस कमी पडत होते.

चौतीस वर्षं याच बाईंनी अख्ख्या तालुक्याला दम भरला होता. सहा महिने आईचं दूध, वरून पाण्याचा थेंबही नाही! पलीकडच्या बंगाली वस्तीतल्या बिश्वासकाकींनी नातवाच्या जिभेला मध लावला, तर बाईंनी त्यांना चौकात उभं करून झाडलं होतं. बातमी कळताच काकी मुद्दाम आल्या. गालात हसत म्हणाल्या, "दीदी, दोन दिवसात काय होते?"

"तुमच्या नातवाच्या टायमाले मी दोन थेंब सोडले नाई. आता दोन दिवस सोडू?" बाई उठून उभ्या राहिल्या. "नाताळ सत्ताविसले होईन!"

आता ही गोष्ट गल्लीत राहायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी चौथीतल्या एका पोरीने मला वर्गात विचारलं, "गुरुजी, नाताळ सत्ताविसले गेला म्हंते, मंग सुट्टी कवा?" मधल्या सुट्टीत हेडमास्तर मोबाईलवर परिपत्रक शोधताना दिसले. संध्याकाळी किराणावाल्याने मला गंभीरपणे विचारलं की हे चंद्र दिसण्यावर असतं का.

पंचवीस तारखेला सकाळी बाई पांढरी साडी नेसून प्रार्थनेला जाऊन आल्या. "प्रार्थना देवाची, ते आज. घरचा नाताळ लेकराचा, तो परवा." तारा टांगला, पण दिवा बंद. करंज्यांचे डबे कुलपात. गल्लीतली पोरं वासावर येऊन भिंतीशी रांगेत उभी राहिली आणि "परवा या" ऐकून परत गेली. मी एका अनारशासाठी पदर पसरला. बाई म्हणाल्या, "एवढुसं लेकरू थांबून राह्यलं, अन् तुमाले दम निंघत नाई?"

सत्तावीसला आई सावलीहून आली, उष्टावणासाठी. पिशवीत घरचा वासाचा तांदूळ. तिला मीच बोलावलं होतं. आणि तिला दारात पाहताक्षणी मला खिरीची रीत आठवली. घरातलं सगळ्यात मोठं माणूस! ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती.

बाईंच्या घरात माणूस मावत नव्हतं. पोरं, बिश्वासकाकी, करंज्यांसाठी आलेला पावणेदोन किलो. आईने मेणबत्ती लावून त्रिशरण म्हटलं, बाई हात जोडून उभ्या राहिल्या. मग बाईंनी प्रार्थना केली, आम्ही डोळे मिटले. बाळाच्या वाटीत बिनसाखरेची खीर आली, मोठ्यांच्या पातेल्यात गोडाची. बाईंनी कोपरापर्यंत हात धुतले आणि चमचा उचलला. मग त्यांची नजर आईवर गेली.

"आई, वय किती तुमचं?"

"अडुसष्ट-एकोणसत्तर असन जी."

"मी साठ." बाईंनी चमच्याकडे पाहिलं. मग तो आईच्या हातात दिला. "हात धुऊन घ्या. साबणानं."

आईने चमचा मैत्रीच्या ओठाला लावला. मैत्रीने तोंड कडू केलं, जरा विचार केला आणि सगळी खीर फुर्रकन आजीच्या नाकावर उडवली. घर हसून कोसळलं. बाईही हसत होत्या, जरा जास्तच.

नाक पुसत आईने विचारलं, "बाई, तुमच्या घरी दर साली असाच राह्यते काय नाताळ?"

"घरी कुठचा जी?" बाई खीर ढवळत म्हणाल्या. "चौतीस वर्षं त्या दिवशी ड्युटीच केली. सुट्टी म्हटलं का सगळ्यांले घरी जाचं राहे. मी म्हणो, जा, मी हावो ना. मले कुठी जाचं होतं?" त्या थांबल्या. "रिटायर झाल्यावर पह्यल्या नाताळाले मी युनिफॉर्म घालून बसली होती. म्हटलं कोणी बलावन. मांगच्या वर्षी चूलच नाई पेटवली."

त्या दोन्ही नाताळांना आम्ही भिंतीपलीकडे होतो, सुट्टी म्हणून उशिरापर्यंत झोपलेले. मला माझी फार लाज वाटली.

आईने मैत्रीला प्रज्ञाकडे दिलं आणि हात पुन्हा धुतले. साबणाने. गोडाच्या पातेल्यातून चमचा भरला आणि बाईंच्या समोर जाऊन बसली.

"आ करा."

"मी? मी काय लहान हावो?"

"ह्या घरातला पह्यलाच नाताळ हाय ना तुमचा? अन् मी मोठी हावो. रीत तुमचीच हाय, मी काई नवीन नाई सांगून राह्यली."

सगळ्या तालुक्याला तोंड उघडायला लावणाऱ्या सलोमीबाईंनी डोळे घट्ट मिटले आणि आ केला. खीर गिळून झाली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. दोन्ही हातांनी आईचं मनगट धरून ठेवलं होतं.

"गोड झाली काय?" आईने विचारलं.

बाईंनी मान हलवली आणि पुन्हा आ केला.